जुने घर घ्यावे की नवे बांधावे?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आज पेरणीचे नाही, खताचे नाही, घराचे बोलायचे आहे. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, दोन बाजार फिरतो. घर घेताना मात्र एका संध्याकाळी बघायचे, चहा प्यायचा आणि इसार देऊन मोकळे व्हायचे, अशी आपली रीत. घर नवे बांधायचे तरी तसेच. गवंड्याने पायाला दोरी लावली की आपण पेढे वाटतो. पाया कशात चालला आहे हे कोणी वाकून बघत नाही.

मी लातूर जिल्ह्यातला. बांधकामाच्या नोकरीत उभी हयात गेली, आता निवृत्त आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा निरोप आला, ‘दादा, एकदा येऊन जा. ह्यांनी वाडा बघितलाय.’ गेलो. भाऊ-भाऊ वेगळे झाले होते, राहते घर थोरल्याच्या वाट्याला गेले होते. दाजींच्या हाताशी सोयाबीनचे थोडे आणि एक बैलजोडी विकून आलेले थोडे, असे पैसे होते. थोरल्या मुलाचे लग्न तोंडावर. गावात पाच खणांचा एक जुना वाडा विकायला निघाला होता. मालक पुण्याला असतात. सहा लाख मागत होते. दाजी म्हणाले, ‘एवढ्यात नुसता पायासुद्धा होत नाही. दगडी भिंती, सागवानी खांब, वर माळवद. अजून शंभर वर्षं बघायला नको.’ बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘दादा, स्वस्त आहे ना, म्हणूनच जीव घाबरतो.’

तिचे बरोबर होते. दाजींचेही अगदी चूक नव्हते. आता आम्ही काय काय बघितले ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही बघता येईल.

पहिल्यांदा शिडी लावून माळवदावर चढलो. जुन्या घराची परीक्षा वरून खाली करायची. आपल्याकडे माळवद गळायला लागले की दरसाल पावसाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा एक थर टाकतात. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, आपण टाकला. काढला कोणीच नाही. दाजींच्या त्या वाड्यावर कडेला पहारीने भोक पाडून मोजले, तर माती अडीच फूट निघाली. आता हिशोब करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशा जागेवर एक फूट जाडीची माती म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. तिचे वजन कोरडी असताना साडेचार टनांच्या आसपास भरते. भरलेल्या चार-पाच बैलगाड्या समजा. अडीच फुटांचे अकरा टन झाले. आणि भाद्रपदात भिजलेल्या मातीचे वजन आणखी वाढते. एवढा भार डोक्यावर घेऊन आपण खाली पोराबाळांना निजवतो.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे दमून झोपली होती. चार वाजायला थोडी मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर, उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. ढिगारे उपसायला गेलो तेव्हा पाहिले, की माणसे मेली ती बहुतेक दगडमातीखाली दबून. तेव्हापासून लोक म्हणू लागले, दगडाचे घर नको. मला विचाराल तर दगडाचा यात फारसा दोष नव्हता. दोष होता बांधणीचा आणि माळवदावरच्या मातीचा.

आपल्या जुन्या भिंती दोन पदरी असतात. बाहेरून एक दगडाचा पदर, आतून एक पदर आणि मध्ये माती व गोटे भरलेले. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नव्हे. दोन पातळ भिंती पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड घातलेला नसेल, तर हादरा बसताच एक पदर अंगणात पडतो, दुसरा घरात. पाणी मुरले तरी हेच होते, फक्त सावकाश. मधली माती खाली बसते आणि भिंतीला पोट येते. दाजींच्या वाड्याच्या मागच्या भिंतीला असेच पोट आले होते. डोळ्यांनी कळत नव्हते. वरून ओळंबा सोडला तेव्हा मधोमध चार बोटे फरक दिसला. तुम्हीही ओळंबा न्या. गवंडी नसला तरी चालेल, सुतळीला दगड बांधला तरी काम भागते.

पण त्याच १९९३ साली आणखी एक गोष्ट दिसली, ती लोक विसरले. जिथे खणाचे घर होते, म्हणजे माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, पण छत खांबांवर तसेच उभे राहिले. आतली माणसे वाचली. तेव्हा जुन्या घरात पहिला प्रश्न विचारा : माळवद कशावर बसले आहे? भिंतीवर की खांबांवर?

खांबांवर असेल तर खांब तपासा. खांब तळखड्यावर उभा असतो, वाळवी तिथूनच वर चढते. रंग दिलेला असेल तर जास्त संशय घ्या. दाभण किंवा जाड खिळा घेऊन खांबाच्या तळाशी, आणि तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे टोचा. चांगल्या सागवानात खिळा शिरत नाही. भुसा पडला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर ते लाकूड गेले. तुळईचे भिंतीतले टोक हमखास कुजलेले सापडते, कारण तिथे ओल धरते आणि कोणाला दिसत नाही. दाजींच्या वाड्यात अठरा खांबांपैकी तीन तळाशी गेलेले होते, दोन तुळयांची टोके गेली होती. बाकी लाकूड असे, की आज वखारीत घ्यायला गेलो तर छाती होणार नाही.

आणखी एक. जुन्या वाड्यात पेव असते. कधी बुजवलेले, कधी नुसतेच वर फरशी टाकलेले. म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. भिंतीत बळद असेल तर तिथे भिंत पातळ आहे हे लक्षात ठेवा.

घर बघायला जायचे ते श्रावण-भाद्रपदात, कारण गळती तेव्हाच कळते. सौदा करायचा तो मात्र उन्हाळ्यात, जेव्हा विकणाऱ्याला घाई असते. हे जरा व्यापारी बोललो. पण समोरचा माणूस तुम्हाला वैशाखातच घर दाखवतो, ते काय उगीच?

आता कागदांकडे वळू. भिंत पडली तर बांधता येते. कागद पडला तर कोर्टात पिढी जाते.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठचा उतारा हातात आला की आपण समजतो, घर याचेच. तो उतारा घरपट्टीसाठी असतो. पट्टी कोण भरतो ते त्यावरून कळते. मालकीचा तो पक्का पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आणि गावोगाव मिळकत पत्रिका निघाल्या. तुमच्या गावाची निघाली असेल तर ती आधी मागा, नाव आणि क्षेत्र जुळवा. भिंत कोणाची, बोळ कोणाचा, पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, हे शेजाऱ्यासमोर विचारा. शेजारी नाराज असेल तर ते आत्ताच कळलेले बरे.

आणि सह्या. वाडा वडिलोपार्जित. पुण्याचे दोघे भाऊ सही करायला तयार होते. दाजी म्हणाले, झाले की! मी विचारले, यांना बहीण नाही का? होती. सोलापूरला दिलेली, नवरा वारलेला. भाऊ म्हणाले, तिचे लग्न करून दिले, तिचा काय संबंध? बंधूंनो, संबंध आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. आधीच रीतसर नोंदणी होऊन वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी, पण ती वाटणी कागदावर बघितली पाहिजे, तोंडी नव्हे.

आम्ही सोलापूरला गेलो. त्या बाई कोणाच्या घरी स्वयंपाकाला जात होत्या. वाडा विकायला काढलाय हे त्यांना माहीतही नव्हते. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘मला भावांशी भांडायचं नाही. पण विचारायला तर यायचं होतं.’ त्यांचा हिस्सा त्यांच्या नावाच्या धनादेशाने द्यायचा आणि खरेदीखतावर तिघांच्या सह्या, असे ठरले. भावांनी थोडी खळखळ केली, मग मानले. माझी बहीण परत येताना एसटीत म्हणाली, ‘आता त्या घरात दिवा लावायला भीती नाही वाटणार.’

नोटरीच्या कागदावर घर घेऊ नका. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरीच्या शिक्क्याने मालकी बदलत नाही. मागच्या तीस वर्षांचा शोध घ्या, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का बघा. यासाठी वकिलाला दोन पैसे गेले तरी द्यावेत.

तुम्ही म्हणाल, एवढ्या कटकटी असतील तर सरळ नवे बांधलेले काय वाईट? वाईट नाही. पण नव्याच्याही कटकटी आहेत, फक्त त्या जमिनीखाली असतात.

आपले वाडवडील गावाला पांढरी म्हणत आणि शेताला काळी. पांढरीत राहायचे, काळीत पेरायचे. यात मोठे शहाणपण होते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण बघतोच. तीच जमीन घराखालीही फुगते आणि आकसते. दाजींच्या चुलतभावाने डांबरी सडकेकडेच्या काळ्या रानात बंगला बांधला. समोर गोल खांब, वर गच्ची, रंग असा की लांबून दिसावा. पाया तीन फूट, तोही काळीतच. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघाली. बुजवली. पावसाळ्यात मिटली, उन्हाळ्यात पुन्हा उघडली. आता दारे अडकतात. त्याने खर्चाला कमी केले नव्हते. खर्च दिसणाऱ्या जागी केला, एवढेच.

काळीत बांधणे भागच असेल तर पाया मुरुमापर्यंत न्या. आधी दोन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. पाच-सहा फुटांवर लागला तर तुमचे नशीब चांगले. लागलाच नाही, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी काढलेली पद्धत आहे : खोल भोके घेऊन, तळाशी कांद्यासारखा फुगवटा ठेवून काँक्रीटचे खांब ओततात आणि त्यांवर तुळई टाकून भिंत उचलतात. हे काम माहीतगार अभियंत्याकडूनच करावे, गावच्या गवंड्याच्या अंदाजावर नको. पायाच्या चरात आणि जोत्यात उकरलेली काळी माती पुन्हा भरू नका, मुरूम भरा आणि पाणी मारून चोपा. घराभोवती तीन फुटांची बाहेर उतार असलेली फरसबंदी करा. न्हाणीचे पाणी भिंतीपासून लांब न्या. भिंतीला लागून मोठे झाड लावू नका, तेही मुळांनी ओल ओढते.

जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा अखंड पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवा. तीन इंच जाड, आत आठ किंवा दहा मिलिमीटरच्या दोन सळया, दर सहा इंचांवर कडी. पोते घट्ट राहावे म्हणून दोरी बांधतो ना, तसा हा पट्टा. दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान दोन फूट लांब ठेवा. दगडात बांधाल तर दर दोन फूट उंचीवर आणि आडवे चार-चार फुटांवर आरपार दगड घाला, आणि भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. गवंडी म्हणेल, ‘आमच्या बापाने असं कधी केलं नाही.’ करून घ्या.

शेतात घर बांधण्याचा मोह आजकाल खूप आहे. शेतघराला कायद्यात जागा आहे, पण अटीही आहेत. तहसिलात विचारून लेखी घ्या. आणि घरातल्या बायकांना विचारा. रात्री सर्प निघाला, पोर आजारी पडले, तर शेजार कोणाचा?

सरकारी मदतीबद्दल थोडक्यात. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे घर, असे ठरले. राज्याने त्यात पुढे भरही घातली आहे. तुमचे नाव यादीत असेल तर जुने घर विकत घेण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. खरेदीमुळे नाव कटते की काय, हे आधी कळावे. मात्र २७० फुटांत माणसे मावतील, कडबा आणि बैल मावणार नाहीत, हे धरून जागा ठरवा. भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावांत गेलात तर कळेल. रस्ते रुंद, घरे रांगेत, पण म्हशीला दावण कुठे ठोकायची यावर लोकांनी कितीतरी दिवस काढले. आपले घर म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर सांगतो. हातात पैसा बेताचा असेल, गावठाणातली पांढरीवरची जागा मिळत असेल, लाकूड चांगले असेल आणि सगळ्या वारसांच्या सह्या मिळत असतील, तर जुने घर घ्यावे. पण ते घर म्हणून नव्हे. जागा, लाकूड आणि दगड यांची किंमत करून घ्यावे, आणि दुरुस्तीचा पैसा आधीच बाजूला काढावा. भार भिंतीवर असेल, भिंतीला पोट असेल आणि लाकूडही गेले असेल, तर मालाची मोड समजून भाव करा, नाहीतर नमस्कार करून परत या. नवे बांधायचे तर एका दमात बंगला नको. दोन खोल्या पक्क्या पायावर बांधा, बाकीचे जोते भरून ठेवा. आणि काहीही झाले तरी बियाण्याच्या आणि पेरणीच्या पैशाला हात लावू नका. पीक कर्ज घराला लावलेले मी फार बघितले. पहिल्या दुष्काळातच ते घर गहाण पडते.

दाजींनी वाडा घेतला, पण सहा लाखांना नाही. मागची भिंत, तीन खांब आणि माळवद उतरवण्याची मजुरी यांचा अंदाज आम्ही लेखी काढला आणि तेवढी रक्कम कमी करून घेतली. लग्न वाड्यात करायचा हट्ट होता, तो बहिणीने मोडला. लग्न शाळेच्या पटांगणात झाले. आधी माळवद उतरवले.

ते कसे उतरवायचे हे सांगून थांबतो, कारण यात माणसे जखमी होतात. काम उन्हाळ्यातच करा. घर आधी रिकामे करा. गेलेल्या तुळयांना खालून टेकू द्या. माती एका बाजूने उकरत जायची नाही. सगळ्या माळवदावरून सारखा पातळ थर काढायचा, मग दुसरा, आणि काढलेली माती लगेच खाली सोडायची, वर एका जागी ढीग घालायचा नाही. एका वेळी वर चार-पाच माणसांपेक्षा जास्त नकोत. कडीपाट उघडा पडला की लाकूड तपासा, कुजलेले बदला, वाळवीचे औषध मारा. मग जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून वर सात-आठ इंचांपर्यंतच माती टाका, पन्हाळीकडे उतार द्या. पुढच्या वर्षी गळाले तर गळणारी जागा उकरून दुरुस्त करा. वर नवा थर टाकू नका. खांब आणि तुळईच्या सांध्यांना तिरके लाकडी हात ठोकून घ्या, म्हणजे हादऱ्यात चौकट डुलणार नाही. पोट आलेली भिंत पूर्ण उतरवून आरपार दगड घालून पुन्हा बांधा. वरवर सिमेंटचा गिलावा करून ती सरळ होत नाही, फक्त दिसायची बंद होते.

आणि उतरवलेली पांढरी माती सडकेवर फेकू नका. दाजींच्या माळवदावरून किती निघाली म्हणता? बैलगाडीने मोजायला सुरुवात केली होती, साठ गाड्यांनंतर मोजणे सोडले. जुने लोक ही माती खत म्हणून शेतात पसरत. दाजींनी ती दोन एकरांत विस्कटली आहे. यंदा त्यात ज्वारी आहे. तिचे कसे झाले ते सुगीनंतर कळवीन.

नमस्कार.